लाईट गेल्यावर हार्डडिस्कच्या आत काय होतं

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाच्या, रात्री आजी गाणी म्हणायची, ती वडिलांनी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवली होती. तीन कॅसेटी होत्या, एक बुरशीने गेली, दोन वाचल्या. गेल्या वर्षी त्या दोन आणि घरातल्या बाकीच्या कॅसेटी, सीड्या सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि ठरवलं की आता घरात एक म्युझिक सर्व्हर करायचा, म्हणजे मोबाईलवर, हॉलमधल्या स्पीकरवर, आईच्या खोलीत, कुठेही हवं ते गाणं लागलं पाहिजे. अमळनेरहून जळगावला डिस्क घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, फिरती हार्डडिस्क नका घेऊ. आपल्याकडे लाईट जाते, लाईट गेली की आतली सुई तबकडीवर पडते अन् ओरखडा उठतो. एसएसडीच घ्या, तिचा आवाज पण मोकळा येतो." एसएसडी म्हणजे आत काहीच न फिरणारी, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. माणूस मनापासून सांगत होता, पण दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि पहिलीच्या मागचं खरं उत्तर इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

आधी कॉम्प्युटरचं उरकून घेतो. सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, प्रत्येक मोजणी १६ बिटची आणि डावा-उजवा असे दोन चॅनल, गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे साधारण १७६ किलोबाइट. साधी फिरती डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट सहज देते, गरजेच्या पाचशेपट. त्यामुळे दहा वर्षं जुनं मशीनही या कामाला भरपूर झालं, प्रोसेसरवर पैसे घालू नका, बघायचं ते विजेचं. जुना डेस्कटॉप ६० वॅट ओढत असेल तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला ४३ युनिट होतात, तेच रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर किंवा छोटा मिनी पीसी डिस्क धरून १५ वॅटमध्ये राहिला तर ११ युनिटच्या आत. मी ऑफिसमधून निघालेला एक वापरलेला मिनी पीसी घेतला, ४ जीबी रॅम, त्यावर लिनक्स आणि नॅव्हिड्रोम हा घरभर गाणी पुरवणारा प्रोग्रॅम टाकला, झालं. जागेचा हिशोब पण सोपा आहे, तासाभराचा अल्बम सीडीवर ६३५ मेगाबाइट असतो, फ्लॅक या फाईलच्या प्रकारात आवाजाचा एक बिटही न गमावता साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे ५०० अल्बमला १६० जीबीच्या आसपास. १ टीबी घेतली तरी वर्षानुवर्षं पुरेल.

आता डिस्क. माझ्याकडे एक मेलेली ३.५ इंची डिस्क होती, ती रविवारी दुपारी उघडली. आत आरशासारखी तबकडी, इतकी गुळगुळीत की तोंड दिसतं. शेजारी एक हात, त्याच्या टोकाला तिळाच्या दाण्याहून लहान, माहिती वाचणारं-लिहिणारं हेड, दुकानदार म्हणाला ती सुई. आणि हे हेड तबकडीवर नव्हतंच, ते कडेला एका पांढऱ्या प्लास्टिकच्या छोट्या उतारावर चढून बसलेलं होतं. ही डिस्क चालू असताना तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे तिची कड ताशी जवळजवळ १३० किलोमीटरने पळते, आणि त्या वेगाने तिच्यासोबत ओढली जाणारी हवा हेडच्या खाली शिरून त्याला उचलून धरते. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. हवेचा एक रेणू दुसऱ्यावर आपटण्याआधी सरासरी ६५ नॅनोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे ही फट त्याहूनही अरुंद, तिथे हवा नेहमीच्या हवेसारखी वागतच नाही, आणि तरीही हेड तरंगतं.

मग लाईट गेली की? वेग कमी होणार, हवेची गादी विरणार आणि हेड खाली बसणार, दुकानदाराचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. म्हणून ती गादी विरायच्या आत हेडला उतारावर नेणं भाग आहे. पण न्यायचं कशाने, वीज तर गेलीय. उत्तर असं की वीज फिरत्या तबकडीतच साठलेली आहे. तबकडीच्या मोटरमध्ये चुंबकाचं कडं फिरतं आणि तांब्याच्या कॉइल स्थिर असतात. वीज दिली की ती मोटर, पण वीज बंद करून चुंबक फिरत ठेवलं की तीच मोटर जनित्र होते, सायकलच्या डायनामोत होतं तेच. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियम, शाळेच्या पुस्तकातला. खरं तर मोटर चालू असतानाही ती उलटा व्होल्टेज तयार करत असतेच, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. पुरवठा तुटला हे डिस्कच्या कंट्रोलर चिपला लगेच कळतं, ती बाहेरच्या वीजेच्या लाईनशी आपलं नातं तोडते म्हणजे तयार झालेली वीज उलटी बाहेर वाहून जाणार नाही, मग मोटर चालवणारे तीन फेजचे मॉस्फेट, म्हणजे चिपमधले विजेचे स्विचच, रेक्टिफायरचं काम करतात, एसीचं डीसी करतात, आणि तो करंट हाताच्या कॉइलमध्ये सोडला जातो. हात सरकतो, उतारावर चढतो, हेड सुरक्षित. त्यानंतर मोटरच्या कॉइल आपसात शॉर्ट करून उरलेल्या फिरण्याला ब्रेकही लावला जातो. हेड पार्क होण्याचं काम सेकंदाच्याही आत होतं, तबकडी थांबायला मात्र काही सेकंद लागतात.

माझा विश्वास बसेना म्हणून मी त्या मेलेल्या डिस्कच्या खालचं सर्किट काढलं, मोटरच्या बारीक टोकांना मल्टीमीटर एसीवर लावला आणि तबकडीला बोटाने गरकन फिरवलं. शून्यावरचा आकडा हलला, ०.१ व्होल्टच्या पुढे गेला आणि तबकडी मंदावली तसा परत शून्याकडे उतरला. बोटाने एवढं, तर ७,२०० फेऱ्यांवर किती असेल बघा.

आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. तो हात ज्या कॉइलने हलतो तिला व्हॉइस कॉइल म्हणतात. दोन जबरदस्त चुंबकांच्या मधे तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं, करंट गेला की सरकतं. हे नाव स्पीकरमधून आलंय, कारण स्पीकरचा पडदाही नेमका असाच हलतो. म्हणजे आजीचं गाणं तबकडीवरून शोधून आणणारी कॉइल आणि हॉलमध्ये ते म्हणून दाखवणारी कॉइल, दोघी सख्ख्या बहिणी.

लाईट गेल्यावर घर एकदम शांत होतं तेव्हा डिस्कला कान लावून बघा. आधी एक बारीक 'टक्', ते हेड चढलं. मग घूंऽऽ असा आवाज खाली खाली उतरत जातो.

गैरसमज आला कुठून तर १९८० च्या दशकातल्या डिस्कमधून. त्यांच्यातल्या बऱ्याचशांत हात टप्प्याटप्प्याने हलवणारी स्टेपर मोटर असायची, हेड आपोआप मागे जायचं नाही, मशीन हलवण्याआधी पार्क नावाचा प्रोग्रॅम हाताने चालवावा लागायचा. ते दिवस गेले पण धाक उरला.

याचा अर्थ लाईट जाण्याने काहीच होत नाही असं नाही हं. अशी अचानक केलेली पार्किंग नेहमीच्या पार्किंगपेक्षा जास्त दणक्याची असते, म्हणून डिस्क त्याची वेगळी नोंद ठेवते, स्मार्ट नावाच्या, डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या यादीत १९२ नंबर बघा, माझ्या डिस्कवर सात महिन्यांत ४१ झालेत. शिवाय त्या क्षणी लिहिणं चालू असेल तर फाईल अर्धवट राहते, आणि हा धोका एसएसडीला पण आहे, तिच्या आतलं कोणतं पान कुठे आहे याचा नकाशाच अर्धवट राहू शकतो. उपाय स्वस्त आहे, राउटर आणि सर्व्हर दोघांना छोटा यूपीएस. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का तेवढं बघा, नॉर्मल मोडला तो वळायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होतं.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. बऱ्याच डिस्कची मर्यादा ६० अंश असते, मे मध्ये खोलीतच ४२-४३ असेल तर बंद डब्यात ती डिस्क सहज पन्नाशी ओलांडते. पत्र्याखालच्या माळ्यावर सर्व्हर ठेवू नका, धाब्याची, म्हणजे मातीच्या छताची, खोली असेल तर तिथे खाली भिंतीशी ठेवा, समोर एक छोटा पंखा लावा. कूलरच्या झोतात पण नको, ओल आणि धूळ दोन्ही येतात.

राहिला आवाज मोकळा येण्याचा मुद्दा. मी एकच फ्लॅक फाईल हार्डडिस्क, एसएसडी आणि पेनड्राइव्ह अशी तिन्हीवर ठेवून चेकसम, म्हणजे फाईलच्या बिटांवरून निघणारा ओळखीचा आकडा, काढला, तिन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच. बिट तेच असतील तर गाणं तेच, डॅकला, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपला, आणि स्पीकरला ते कुठून आलं याचा पत्ताही नसतो, ते आधी मेमरीत जमा होतं आणि मग वाजतं. ऑडिओ ग्रेड म्हणून डिस्क आणि डेटा केबल दसपट किमतीला विकतात, तो पैसा स्पीकरवर घाला, फरक कानाला कळेल. एसएसडी घ्यायचं चांगलं कारण वेगळं आहे, ती घरघरत नाही, म्हणून सिस्टीम मी छोट्या एसएसडीवर ठेवलीय आणि गाणी फिरत्या डिस्कवर.

आणि कपाटात ठेवायची कॉपी तर फिरत्या डिस्कवरच. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, वीज न देता ठेवली की तो भार हळूहळू झिरपतो, उष्णतेत लवकर. घरगुती एसएसडीचं मानक एवढंच मागतं की लिहून लिहून तिचं आयुष्य संपत आल्यावर ३० अंशाला वर्षभर माहिती टिकावी. नव्या एसएसडीत ती बरीच जास्त टिकते, पण आमचं लोखंडी कपाट उन्हाळ्यात ४० च्या वर असतं.

दोन डिस्क एकत्र जोडून दोन्हीवर एकच माहिती ठेवतात, त्याला रेड म्हणतात, ते चांगलं, पण चुकून फोल्डर डिलीट केला तर दोन्हीवरून जातो, ती कॉपी नव्हे. माझी दुसरी डिस्क धुळ्याला ताईकडे असते. कानबाईच्या रोटांना, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, ताई येते तेव्हा ती डिस्क घेऊन येते, मी नवीन गाणी टाकतो आणि फ्लॅकची तपासणी चालवतो, प्रत्येक फ्लॅक फाईल आपल्या आवाजाचा एमडी५ नावाचा चेकसम पोटात घेऊन असते त्यामुळे एखादा बिट बदलला तरी लगेच सापडतं. तासाभरात सगळ्या फाईलींपुढे ओके येतं, तेवढ्यात रोट खाऊन होतात, आणि सोमवारी ताई डिस्क पिशवीत साडीच्या घडीत ठेवून धुळ्याची एसटी पकडते.