एजंट फॉरवर्डिंग आणि प्रॉक्सीजंप: मधल्या सर्व्हरच्या हाती काय लागतं?

क्लायंटचा प्रॉडक्शन सर्व्हर असो की विद्यापीठाचा क्लस्टर, आतल्या मशीनवर थेट जाता येत नाही. मध्ये एक बॅस्टियन असतो, म्हणजे आत जाण्यासाठी ठेवलेला मधला सर्व्हर. लॅपटॉपवरून बॅस्टियनवर लॉगिन नीट होतं, तिथून पुढे एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची कमांड) मारलं की 'परमिशन डिनाइड, पब्लिक-की' असं उत्तर येतं. कारण सरळ आहे: प्रायव्हेट की (तुमची ओळख पटवणारी गुप्त फाइल; तिची जोडीदार पब्लिक की सर्व्हरवर असते) लॅपटॉपवर आहे आणि पुढचं लॉगिन आपण बॅस्टियनवरून करू पाहतोय. मग टीममधला एक जण सांगतो, "कमांडला कॅपिटल ए लावून बघ." दुसरा म्हणतो, "कॅपिटल जे लाव." दोन्हींनी आत जाता येतं, म्हणून दोन्ही एकच आहेत असा समज पक्का होतो आणि हाताला जे अक्षर बसलं ते वर्षानुवर्षं चालत राहतं.

कॅपिटल ए म्हणजे एजंट फॉरवर्डिंग, कॅपिटल जे म्हणजे प्रॉक्सीजंप. सगळं सुरळीत चालू असताना फरक कळत नाही. बॅस्टियन दुसऱ्या कुणाच्या ताब्यात गेला, त्या दिवशी मात्र फरक आभाळाएवढा असतो.

तिसरा एक उपाय सर्रास केला जातो, तो म्हणजे प्रायव्हेट कीची फाइल उचलून बॅस्टियनवर ठेवणं. तो बादच करा. मे २०२० मध्ये चोरलेल्या एसएसएच क्रेडेन्शियल्सच्या जोरावर हल्लेखोर युरोपातल्या अनेक सुपरकॉम्प्युटरमध्ये शिरले. एडिनबराचा आर्चर बंद ठेवावा लागला आणि वापरणाऱ्यांचे पासवर्ड आणि एसएसएच की, दोन्ही बदलावे लागले. अनेकांच्या वापरातल्या मशीनवर ठेवलेली प्रायव्हेट की आपली एकट्याची राहत नाही.

आता एजंटकडे. एसएसएच-एजंट हा लॅपटॉपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. सकाळी एकदा पासफ्रेज टाकला की उघडलेली की तो मेमरीत धरून ठेवतो. लॉगिनच्या वेळी सर्व्हरला तुमच्या कीने केलेली सही दाखवावी लागते. एजंट ती सही करून देतो, की मात्र कुणालाच देत नाही. साहेबांचा शिक्का कपाटात कुलूपबंद आहे, पण फटीतून जो कागद आत सरकवाल तो शिक्का उमटून बाहेर येतो, असं हे काम. ही फट म्हणजे एक सॉकेट फाइल, आणि तिचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहिलेला असतो.

एजंट फॉरवर्डिंग चालू केलं की तशीच एक फट बॅस्टियनवर उघडते. तिथे आलेली सहीची विनंती कनेक्शनमधून उलट लॅपटॉपपर्यंत येते, एजंट सही करतो आणि सही परत जाते. म्हणून बॅस्टियनवरून पुढचं लॉगिन होतं. 'की तर लॅपटॉपवरच आहे, मग भीती कसली?' असं इथे बहुतेकांना वाटतं. पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे. गोची अशी की आत शिरायला की हातात असावी लागतच नाही, सही मिळाली की पुरतं.

बॅस्टियनवर कुणी रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, मिळवलं, तर पुढचं काम किती सोपं आहे ते बघा. ओपनएसएसएचच्या (एसएसएचचं नेहमीच्या वापरातलं सॉफ्टवेअर) बऱ्याच आवृत्त्यांत ही सॉकेट फाइल टेम्प फोल्डरमधल्या एका डिरेक्टरीत असते. डिरेक्टरीचं नाव 'एसएसएच' आणि पुढे काही वेडीवाकडी अक्षरं. मालक तुम्ही, परवानगी फक्त तुम्हाला. त्या परवानगीमुळे इतर युजर अडतात, रूट अडत नाही. तो स्वतःच्या शेलमध्ये ते व्हेरिएबल तुमच्या सॉकेटकडे वळवतो, एसएसएच-ॲड ही कमांड स्मॉल एल लावून चालवतो, आणि तुमच्या एजंटमधल्या सगळ्या की त्याच्यासमोर यादीत येतात. प्रत्येक ओळीत कीची कमेंट असते, आणि ती बदलली नसेल तर तिच्यात तुमचं युजरनेम आणि लॅपटॉपचं नाव असतं. पुढचं लॉगिन तो तुमच्या नावाने करतो. लॅपटॉपवर काहीही दिसत नाही, आणि ज्या सर्व्हरवर तो शिरला तिथल्या लॉगमध्ये तुमच्याच कीचा फिंगरप्रिंट (ती ओळखण्याची छोटी खूण) उमटतो.

'सगळ्या की' हे शब्द हलक्यात घेऊ नका. एजंटमध्ये या क्लायंटची की असते, दुसऱ्या क्लायंटची असते, गिटहबची असते, घरच्या छोट्या सर्व्हरचीही असते. बॅस्टियन एका क्लायंटचा असतो, धोका मात्र सगळ्यांना. त्यातून एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'होस्ट' पुढे तारांकन टाकून खाली 'फॉरवर्डएजंट येस' लिहिलेलं असेल, तर तुम्ही जिथे जिथे लॉगिन करता तिथे ही फट उघडते, पाच मिनिटं बघायला घेतलेल्या टेस्ट मशीनवरसुद्धा. ती ओळ आजच शोधा आणि काढा. या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ती ही.

हे फक्त कागदावर घडलेलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या खुल्या मेसेजिंग प्रकल्पाच्या सर्व्हरांवरची घुसखोरी उघड झाली. जेन्किन्स या बिल्ड सर्व्हरमधल्या एका त्रुटीतून हल्लेखोर आत आला आणि फॉरवर्ड केलेल्या एजंटचा फायदा घेऊन प्रॉडक्शनपर्यंत पोहोचला. त्यानेच नंतर गिटहबवर इश्यू उघडून त्यांच्या चुका मोजून दाखवल्या, आणि त्यात एजंट फॉरवर्डिंग होतंच. जुलै २०२३ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी आणखी पुढचं दाखवलं. काही परिस्थितींत फॉरवर्ड केलेल्या एजंटमधून उलट लॅपटॉपवरच कोड चालवता येत होता. ओपनएसएसएच ९.३पी२ मध्ये ते दुरुस्त झालं. म्हणजे ही वाट दोन्हीकडून उघडी असते.

प्रॉक्सीजंप याच्या अगदी उलट चालतं. २०१६ साली ओपनएसएसएच ७.३ मध्ये ते आलं (त्याआधी हेच काम प्रॉक्सीकमांडची लांबलचक ओळ लिहून करावं लागायचं). यात लॅपटॉप आधी बॅस्टियनला लॉगिन करतो आणि त्याला एवढंच सांगतो की आतल्या मशीनच्या २२ नंबर पोर्टपर्यंत एक जोडणी करून दे. त्या जोडणीच्या आतून लॅपटॉप आतल्या मशीनशी नवं, स्वतंत्र एसएसएच सेशन सुरू करतो. लॉगिन दोनदा होतं, पण दोन्ही वेळा लॅपटॉपवरून. बॅस्टियनवर ना सॉकेट उघडतं, ना तुमचा शेल चालतो. त्याच्या हातून जातात ते एन्क्रिप्ट केलेले बाइट्स.

याचा एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. फॉरवर्डिंगमध्ये तुम्ही दुसरं एसएसएच बॅस्टियनवर चालवता, म्हणजे टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तिथे उलगडून पुन्हा एन्क्रिप्ट होतं. आतल्या सर्व्हरवर टाकलेला सुडोचा (रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याचा) पासवर्डही बॅस्टियनचा रूट वाचू शकतो. प्रॉक्सीजंपमध्ये एन्क्रिप्शन लॅपटॉपपासून आतल्या मशीनपर्यंत सलग असतं. आतल्या मशीनची होस्ट कीसुद्धा (त्या मशीनची स्वतःची ओळख) लॅपटॉपवरच्या नोंदीशी ताडून बघितली जाते, त्यामुळे बॅस्टियनने दुसरंच मशीन पुढे केलं तर मोठी वॉर्निंग येते. अट एकच: पहिल्यांदा जोडताना फिंगरप्रिंट खरंच तपासलेला हवा, न वाचता 'येस' टाकलेलं नसावं. बॅस्टियनला तुम्ही कधी आणि कुठे गेलात हे तेवढं कळतं, आणि तो जोडणी तोडू शकतो.

मग लोक कॅपिटल जे सोडून परत कॅपिटल 'ए'कडे का वळतात? बहुतेक वेळा स्मॉल आयमुळे. क्लाउडवरची पीईएम फाइल (प्रायव्हेट कीची फाइल) कमांडमध्ये आय लावून दिली, पुढे जे लावला, आणि लॉगिन पहिल्याच पायरीवर आपटलं. कमांडमध्ये दिलेले पर्याय शेवटच्या मशीनला लागू होतात, मधल्याला नाही. बॅस्टियनसाठी कोणती की वापरायची ते कॉन्फिग फाइलमध्येच लिहावं लागतं: बॅस्टियनचा एक होस्ट ब्लॉक, त्यात युजर आणि आयडेंटिटीफाइल; आतल्या मशीनचा दुसरा ब्लॉक, त्यात प्रॉक्सीजंपपुढे बॅस्टियनचं नाव. एकदा हे लिहिलं की कॅपिटल जेसुद्धा टाकावा लागत नाही, आणि फाइली पाठवणारे एससीपी नि आरसिंकही त्याच वाटेने आपोआप जातात. तुमची पब्लिक की मात्र दोन्ही मशीनवर असायला हवी. पुटी हा एसएसएच प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना ०.७७ आवृत्तीपासून प्रॉक्सी सेटिंगमध्येच एसएसएचचा पर्याय मिळतो.

फॉरवर्डिंगची खरी गरज एकाच ठिकाणी उरते: दूरच्या सर्व्हरलाच तुमच्या नावाने तिसरीकडे जायचं असतं तेव्हा. सर्व्हरवर बसून खासगी रिपॉझिटरीतला कोड गिट पुलने आणणं हे नेहमीचं उदाहरण. तिथेही त्या एका रिपॉझिटरीपुरती, फक्त वाचण्याची परवानगी असलेली डिप्लॉय की देणं मला केव्हाही बरं वाटतं. तरीही फॉरवर्डिंग लागलंच, तर एजंटमध्ये की टाकताना स्मॉल सी लावा, म्हणजे प्रत्येक सहीआधी लॅपटॉपवर विचारणा होईल. ओपनएसएसएच ८.९ पासून स्मॉल एच लावून ही की कोणत्या वाटेने कोणत्या मशीनपर्यंत चालावी हेही बांधून देता येतं, फक्त वाटेतली मशीनंही तेवढी नवी हवीत.

बॅस्टियन सांभाळणाऱ्यांशी थोडं बोलायचं आहे. सर्व्हर कडक करण्याच्या याद्यांमध्ये टीसीपी फॉरवर्डिंग (प्रॉक्सीजंपला लागणारी ती पुढची जोडणी) बंद करा असं सरसकट लिहिलेलं असतं. ते बॅस्टियनवर बंद केलं की प्रॉक्सीजंप 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड' म्हणून अडतं, आणि वैतागलेले लोक कॅपिटल एकडे वळतात. सुरक्षिततेसाठी टाकलेली ओळ त्यांना जास्त धोक्याच्या वाटेवर ढकलते. त्यापेक्षा टीसीपी फॉरवर्डिंग चालू ठेवा, परमिटओपन या सेटिंगमध्ये आतल्या मशीनांची नावं आणि २२ पोर्ट एवढंच लिहा, एजंट फॉरवर्डिंग बंद करा आणि ज्यांना बॅस्टियनवर शेलची गरज नाही त्यांचा शेलही काढून घ्या. शेल राहिला तर नुसतं एजंट फॉरवर्डिंग बंद करून फारसं हाती लागत नाही, कारण युजर स्वतःचा फॉरवर्डर तिथे चालवू शकतो.