सीडी३४ गणना

दात्याच्या रक्तात, अस्थिमज्जेत किंवा नाळेतील रक्तात रक्त घडवणाऱ्या मूलपेशी किती आहेत, हे फ्लो सायटोमीटर या यंत्रावर मोजण्याची पद्धत. दात्याला पेशी गोळा करणाऱ्या यंत्रावर कधी घ्यायचे, भरलेली पिशवी रुग्णाला पुरेल की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवायचे, हे निर्णय मुख्यतः याच आकड्यावर होतात. निकाल साधारण तास-दोन तासांत हवा असतो, कारण दाता तोवर खाटेवर थांबलेला असतो.

‘मूलपेशी मोजणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे, पण काटेकोर नाही. प्रत्यक्षात मोजले जाते ते पेशीच्या पृष्ठभागावरचे सीडी३४ नावाचे प्रथिन. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कर्ट सिव्हिन आणि सहकाऱ्यांनी केजी-१ए या रक्तकर्करोगाच्या पेशी वापरून एक प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे प्रथिन, तयार केले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून या प्रथिनाची ओळख पटली. ते मूलपेशींवर असते, तसेच त्यांच्यापासून निघून एखाद्या रक्तपेशीच्या वाटेला लागलेल्या पूर्वज पेशींवरही असते, आणि संख्येने या दुसऱ्याच फार जास्त. रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर ते आढळते. अस्थिमज्जेत बी लसिकापेशींच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कोवळ्या पिढीवरही दिसते. म्हणून अहवालात ‘मूलपेशी’ न लिहिता ‘सीडी३४ पॉझिटिव्ह पेशी’ लिहिणे अधिक प्रामाणिक. पेशींची रक्त घडवण्याची क्षमता थेट तपासायची तर त्या वाढवून वसाहती मोजाव्या लागतात आणि त्याला सुमारे दोन आठवडे जातात. सीडी३४ची मात्रा आणि प्रत्यारोपणानंतर रक्तपेशी परत वाढू लागण्याचा वेग यांचा संबंध चांगला जुळतो, म्हणून ही खूण चालवून घेतली जाते.

भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये झाले, म्हणजे सिव्हिन यांचा लेख येण्याच्या आदल्या वर्षी. त्या काळी जगभर केंद्रक असलेल्या एकूण पेशी मोजून अस्थिमज्जेची मात्रा ठरवत. हे मोजमाप आजही बाद झालेले नाही. अस्थिमज्जा आणि नाळेतील रक्त यांच्या अहवालात ते सीडी३४च्या शेजारी असतेच.

निरोगी माणसाच्या वाहत्या रक्तात सीडी३४ पेशी पांढऱ्या पेशींच्या ०.१ टक्क्याहूनही कमी असतात. दात्याला जी-सीएसएफ या रक्तपेशींची वाढ चेतवणाऱ्या औषधाची इंजेक्शने दिली, सहसा वजनाच्या दर किलोला १० मायक्रोग्रॅम याप्रमाणे चार-पाच दिवस, की त्या अस्थिमज्जेतून रक्तात उतरतात. दर मायक्रोलिटरला १० ते २० पेशी दिसल्या की गोळा करायला सुरुवात करावी, असा बहुतेक केंद्रांचा दंडक. इंजेक्शनांनी आकडा चढत नसेल तर पेशींची अस्थिमज्जेतली पकड सोडवणारे प्लेरिक्साफॉर दिले जाते. स्वतःच्याच पेशी परत घेणाऱ्या मायलोमा आणि लिम्फोमा या कर्करोगांच्या रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली.

यंत्राचे काम थोडक्यात असे : पेशी एकेक करून लेसरच्या निळ्या झोतासमोरून जातात. पुढे विखुरलेल्या प्रकाशावरून आकाराचा अंदाज येतो, बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून आतल्या दाणेदारपणाचा, आणि प्रतिपिंडांना जोडलेले रंग कोणते प्रथिन किती आहे ते सांगतात. पांढऱ्या पेशींवर असणाऱ्या सीडी४५ या प्रथिनासाठी हिरवा, सीडी३४साठी नारिंगी आणि मेलेल्या पेशींत शिरणारा ७-एएडी हा लाल, ही नेहमीची जोडणी. कोणतेही सीडी३४ प्रतिपिंड इथे चालत नाही. सर्व रुग्णांत भरवशाने चिकटेल असे, तिसऱ्या वर्गातले, घ्यावे लागते.

पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या अंदाजाने आलेखावर पेशी निवडण्याची चौकट, म्हणजे गेट, आखायची आणि एकाच नमुन्याचे निकाल एकमेकांशी जुळत नसत. कॅनडातले रॉबर्ट सदरलँड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने हा घोळ बराच आवरला. ती आयशेज पद्धत म्हणून ओळखली जाते. आधी सीडी४५ असलेल्या सगळ्या पेशी घ्यायच्या. कचरा आणि उरलेल्या लाल पेशी तिथेच गळतात. त्यातून सीडी३४ असलेल्या निवडायच्या. मग त्यांपैकी सीडी४५ फिके आणि दाणेदारपणा कमी असलेला पुंजका धरायचा, कारण खऱ्या पूर्वज पेशींवर सीडी४५ लसिकापेशींपेक्षा कमी असते. शेवटी हा पुंजका आकाराच्या आलेखावर टाकून पाहायचा. लसिकापेशींहून लहान ठिपके पेशी नसतात. एका गेटमधून सुटलेली चूक पुढच्या गेटमध्ये उघडी पडते, ही या पद्धतीची खरी खुबी. नवशिका मात्र पहिल्यांदा चौथा गेट केवळ औपचारिकता म्हणून आखतो.

१९९८ मध्ये याच गटाने त्यात मोजलेले बीड (सूक्ष्म मणी) आणि ७-एएडी आणले. त्याआधी सायटोमीटरवरची टक्केवारी रक्तपेशी मोजणाऱ्या दुसऱ्या यंत्राच्या आकड्याने गुणावी लागे आणि दोन यंत्रांच्या चुका एकत्र येत. आता रक्ताइतक्याच आकारमानाचे, संख्या माहीत असलेले बीड नळीत घालतात. समजा, दर मायक्रोलिटरला १,००० बीड आहेत. यंत्राने १०,००० बीड आणि ३०० सीडी३४ पेशी नोंदवल्या, तर रक्तात दर मायक्रोलिटरला ३० पेशी.

हिशेब इतका सोपा असल्याने सगळा भार पिपेटवर येतो, आणि शिकणाऱ्याचे पहिले काही दिवस पडद्यापेक्षा पिपेटशीच जातात. उलटे पिपेटिंग म्हणजे बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा आणि पहिल्या टप्प्यापर्यंतच सोडायचा. टिपमध्ये थोडा उरतो, पण पडलेला नेमका असतो. टिप बाहेरून पुसताना तोंडाला कागद लागला तर रक्त ओढले जाते. रक्त नळीच्या तळाशी सोडायचे. भिंतीला राहिलेल्या थेंबाला ना रंग लागतो ना त्यातल्या लाल पेशी फुटतात. बीड खाली बसतात, म्हणून घेण्याआधी कुपी नीट ढवळायची, पण फेस येऊ द्यायचा नाही. लाल पेशी अमोनियम क्लोराइडने फोडल्यावर नळी धुवायची नाही, कारण धुताना पेशी आणि बीड सारख्या प्रमाणात जात नाहीत. मग नळी बर्फात ठेवून तासाभरात यंत्रावर लावायची. हे सगळे हाताला बसल्याची खूण एकच : एका नमुन्याच्या दोन नळ्यांचे निकाल दहा टक्क्यांच्या आत येतात.

दुर्मीळ गोष्ट मोजताना नशिबाचाही वाटा असतो. १०० पेशी मोजल्या तर केवळ योगायोगाने येणारी चूक १० टक्के, २५ मोजल्या तर २० टक्के. म्हणूनच किमान १०० सीडी३४ पेशी आणि ७५,००० सीडी४५ पेशी नोंदवाव्यात असा नियम आहे. रक्तात पेशी फारच कमी असल्या की यंत्र बराच वेळ चालू ठेवावे लागते. कंटाळून ते लवकर थांबवणे ही जुनी चूक आहे.

सरावासाठी एकच फाइल अनेकांना देऊन गेट आखायला लावतात. आकड्यांतला फरक दाखवून देतो की कोणाचा हात सैल आहे. ब्रिटनमधील शेफिल्डहून चालणाऱ्या यूके नेक्वास या बाह्य गुणवत्ता योजनेत सगळ्या सहभागी प्रयोगशाळांना टिकवलेल्या रक्ताचा एकच नमुना जातो. टिकवण्याच्या प्रक्रियेत पेशी मरतात, त्यामुळे तिथे ७-एएडीचा गेट लावला तर हाती जवळजवळ काही उरत नाही.

गोठवून वितळवलेल्या नमुन्यांत मात्र या रंगाशिवाय चालत नाही. नाळेतील रक्ताचे पहिले प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी केले, तेव्हापासून असे रक्त द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे साठवले जाऊ लागले. वितळल्यावर पेशी फुगतात, फुटतात, एकमेकींना चिकटतात. त्यातही मरणाच्या वाटेवर असलेली पण आवरण अजून शाबूत असलेली पेशी ७-एएडीला जिवंतच वाटते, त्यामुळे इथला आकडा थोडा उदार असतो.

पिशवीच्या नमुन्यात पांढऱ्या पेशी इतक्या दाट असतात की प्रतिपिंड अपुरे पडते. नमुना आधी पातळ करावा लागतो आणि तो गुणक शेवटी परत लावावा लागतो. २०० मिलिलिटरच्या पिशवीत दर मायक्रोलिटरला १,५०० पेशी असतील तर एकूण ३० कोटी; रुग्ण ६० किलोचा असेल तर दर किलोला ५० लाख. ही मात्रा उत्तम समजली जाते आणि २० लाख ही सहसा किमान. भागायचे ते रुग्णाच्या वजनाने, दात्याच्या नव्हे. धाकट्या भावाला थोरली बहीण पेशी देते तेव्हा फॉर्मवर दोन वजने असतात, आणि घाईत नेमके चुकीचे उचलले जाते.