उलुरूवरील चढाईबंदीची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील लाल वाळूच्या प्रदेशात, ॲलिस स्प्रिंग्जपासून रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटरवर, उलुरू हा वालुकाश्माचा प्रचंड खडक उभा आहे. सभोवतालच्या सपाटीपासून त्याची उंची ३४८ मीटर, तर घेर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास आहे. २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढण्यास कायमची मनाई आहे. ही मनाई एकाएकी लादली गेली, अशी तक्रार त्या वेळी बरीच झाली. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या अनांगू लोकांच्या जुकुर्पा या परंपरेत सृष्टीची उत्पत्ती, कायदा आणि रोजचा आचार वेगवेगळे काढता येत नाहीत. पर्यटक ज्या धारेवरून वर जात, ती माला (ससा-वॉलबी हा लहान कांगारूसदृश प्राणी) रूपातील पूर्वज प्रथम उलुरूला आले तेव्हाची त्यांची वाट मानली जाते. म्हणजे आक्षेप केवळ खडकावर पाय ठेवण्याला नव्हता, नेमक्या त्या वाटेलाही होता. शिवाय आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याला इजा झाली, तर त्याचे दुःख आणि दायित्व आपल्यावर येते, असे अनांगू मानतात. या चढाईत गेल्या शतकाच्या मध्यापासून किमान ३७ जणांचा मृत्यू झाला.

विल्यम गॉस हा सर्वेक्षक जुलै १८७३ मध्ये येथे पोहोचला, कामरान या अफगाण उंटवानासह माथ्यावर गेला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांचे नाव खडकाला देऊन मोकळा झाला. १९२० मध्ये हा भाग मूलनिवासींसाठी राखीव ठरला. परंतु पर्यटकांची ये-जा वाढताच १९५८ मध्ये तो राखीव क्षेत्रातून वगळून राष्ट्रीय उद्यानात घेण्यात आला. १९६४ मध्ये उभ्या चढावर खांब ठोकून आधाराची साखळी लावली गेली आणि १९७६ मध्ये ती वाढवण्यात आली. माथ्यावर शौचालय नाही. तेथील घाण पावसाच्या पाण्याबरोबर पायथ्याच्या पाणवठ्यांत उतरत असे.

पंतप्रधान बॉब हॉक यांनी १९८३ मध्ये जमीन परत करण्याचे जाहीर केले, त्यात चढाई थांबवण्याचे आश्वासनही होते. प्रत्यक्ष हस्तांतरण २६ ऑक्टोबर १९८५ रोजी झाले, तेव्हा अनांगूंना मालकी मिळाली खरी, पण उद्यान ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने लगेच सरकारकडे परत द्यावे लागले आणि चढाईही चालू राहिली. माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ या तडजोडीत आहे: मालक झालेल्यांच्या हाती ‘वर चढू नका’ अशा विनंतीचे फलक लावण्यापलीकडे फारसे काही उरले नाही.

त्या फलकांचा परिणाम मात्र झाला. १९९० च्या दशकात बहुसंख्य पर्यटक वर चढत. पुढे हे प्रमाण सतत घटत गेले. २०१० च्या व्यवस्थापन आराखड्याने ते २० टक्क्यांखाली आल्यास चढाई बंद करण्याची तरतूद केली होती. प्रमाण त्या पातळीखाली गेल्यावर, अनांगूंचे बहुमत असलेल्या उद्यान मंडळाने नोव्हेंबर २०१७ मध्ये एकमताने निर्णय घेतला आणि अंमलबजावणीसाठी हस्तांतरणाचा वर्धापनदिन निवडला. शेवटच्या दिवसांत पायथ्याशी लांबच लांब रांगा लागल्या, हे लाजिरवाणेच म्हणावे लागेल.

आता साखळी काढून टाकली आहे. येणारे लोक पायथ्याभोवतीच्या वाटेने चालतात. काही पवित्र जागांपाशी छायाचित्रण करू नये, असे फलक वाटेवर आहेत. भाडेपट्ट्याची मुदत २०८४ मध्ये संपेल.