विजयायुक्त औषधे: कायद्याने काय मिळते, काय नाही

(पंचवटीतील आमच्या आयुर्वेदिक औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पेशंटला गांज्यासाठी कार्ड मिळते. भारतात असे कार्ड नाही. नाशिकला नाही, मुंबईला नाही, दिल्लीलाही नाही. "मेडिकल कार्ड काढून देतो" म्हणत कुणी फोनवर पैसे मागत असेल तर सरळ फोन ठेवा. आपल्याकडे कायदेशीर वाट एकच आणि तीही अरुंद: परवानाधारक कारखान्यात भांगेच्या पानांपासून बनलेले आयुर्वेदिक औषध, नोंदणीकृत वैद्यांच्या चिठ्ठीवर. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, म्हणून बाटलीवर बहुधा तेच नाव दिसेल.

पान वेगळे, शेंडा वेगळा

झाड एकच, पण १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने त्याचे भाग पाडले आहेत. झाडाची वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. फुलाफळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. विजयायुक्त औषधांचा सगळा व्यवहार या एका फटीतून चालतो.

पाने त्या कायद्यातून सुटली म्हणजे मोकळी सुटली, असे मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा मादक पदार्थांनाही लागू आहे आणि त्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. तिथून आणलेली गोळी "काशीचा प्रसाद" म्हणून इथे खिशात ठेवता येत नाही.

"एक किलोपर्यंत गांजा चालतो ना?" हे इतक्या वेळा कानावर येते की इथे छापूनच टाकतो. चालत नाही. एक किलो ही 'अल्प प्रमाणा'ची मर्यादा आहे, म्हणजे फक्त शिक्षेची पायरी. त्याखालीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दुसरा नेहमीचा प्रश्न सिंहस्थाचा: त्र्यंबकला साधू उघड्यावर चिलीम ओढतात, मग आम्हालाच कागद का? कायद्यात साधूंना वेगळी सूट दिलेली नाही. कुठे डोळेझाक होते तो त्यांचा आणि पोलिसांचा प्रश्न. तुमच्या आईच्या गुडघेदुखीसाठी तो दाखला उपयोगाचा नाही.

चिठ्ठी

बीएएमएस झालेल्या, वैद्यांच्या नोंदणी परिषदेकडे नोंद असलेल्या वैद्यांची चिठ्ठी लागते. तीवर रुग्णाचे नाव, तारीख, औषधाचे नाव, मात्रा आणि वैद्यांचा नोंदणी क्रमांक हवा. व्हिडिओवर नीट तपासणी करून दिलेली चिठ्ठी आम्ही घेतो. वेबसाइटवर चार खुणा करून दोन मिनिटांत आलेली घेत नाही. वाद घालू नये ही विनंती. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर वैद्यांना पुन्हा भेटून या.

थोडे आतले सांगतो. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला मात्र औषध कायदा वेगळा परवाना मागत नाही. त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यावर, कुठल्याही साइटवर काहीही मिळू शकते, आणि गाळणी दुकानदारानेच लावायची असते. आमची गाळणी बारीक आहे. काहींना ती जाचक वाटते, याची कल्पना आहे.

बाटली हातात घेऊन पाहा

काउंटरवर भिंग ठेवले आहे ते याचसाठी, लेबलवरची अक्षरे मुंगीएवढी असतात. आधी 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक शोधा. मग बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख. त्यानंतर घटकांची यादी: विजयेपुढे 'पत्र' लिहिलेले हवे, आणि प्रत्येक मात्रेत ती किती हेही हवे. नुसते 'हेम्प एक्स्ट्रॅक्ट' लिहून मोकळे झालेले तेल आम्ही कपाटात ठेवत नाही. शेवटी सावधानतेची ओळ पाहा. भांग ही औषध नियमावलीच्या 'ई-१' या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे. ती नसेल तर बाटली परत ठेवा, दुकान आमचे असले तरी.

गंमत म्हणजे, ग्रहणीसाठी (पचन बिघडून वारंवार जुलाब होणे) जातिफलादि चूर्ण घेणाऱ्या अनेकांच्या पोटात भांग कधीच गेलेली असते. जुन्या पाठाच्या त्या चूर्णात ती पहिल्यापासून आहे. हे कळल्यावर एक आजोबा डबीकडे बघतच राहिले, मग म्हणाले, "म्हणूनच दुपारी झोप छान लागते होय!"

कशासाठी उपयोग, कशासाठी नाही

परदेशात काही आजारांवर या झाडातल्या द्रव्यांची मोजूनमापून औषधे झाली आहेत. लहान मुलांच्या फिटच्या दोन दुर्मिळ, हट्टी प्रकारांसाठी अमेरिकेने २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीच्या (या झाडातले नशा न आणणारे द्रव्य) औषधाला मान्यता दिली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणासाठी ब्रिटनमध्ये २०१० पासून तोंडात मारायचा फवारा आहे. तिथले निष्कर्ष इथल्या तेलाच्या बाटलीला चिकटवू नका. द्रव्य, मात्रा, शुद्धता सगळेच वेगळे. आमच्याकडे लोक येतात ते जुनाट दुखणे, झोप आणि भूक यांसाठी. काहींना बरे वाटते, काहींना काहीच फरक पडत नाही.

यामुळे कॅन्सर बरा होतो, असे म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. कॅन्सर, मधुमेह, अपस्मार बरा करण्याच्या जाहिराती १९५४ च्या औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने मुळातच बंद आहेत.

कॅन्सरच्या वेदनेसाठी विचारायला येणाऱ्यांना आम्ही आधी उलट विचारतो: मॉर्फिनबद्दल (अफूपासूनचे तीव्र वेदनाशामक) डॉक्टरांशी बोललात का? २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन 'अत्यावश्यक' गटात आले. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेतून ते रुग्णाला रीतसर मिळू शकते. व्यसन लागेल या धास्तीने घरचेच नको म्हणतात आणि माणूस तळमळत राहतो. तुमच्या कॅन्सर डॉक्टरांना 'पॅलिएटिव्ह केअर' (वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार) हे दोन शब्द सांगून चौकशी करा. त्यात आमची एक बाटली कमी खपली तर खपू दे.

घेताना

तोंडाने घेतलेल्या औषधाचा अंमल चढायला तास-दोन तास लागतात. "काहीच होत नाही" म्हणून तासाभरात दुसरी मात्रा घेतली की मग चक्कर, धडधड, घाबरगुंडी. बहुतेक त्रास असाच होतो. ठरलेली मात्रा, तीही रात्री, आणि त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही. रक्त पातळ करणारे वॉरफरिन, फिटवरचे क्लोबाझाम किंवा व्हॅल्प्रोएट, अवयव प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या चालू असतील तर वैद्यांना आणि तुमच्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच स्वतःला किंवा घरात कुणाला मानसिक आजाराचे झटके येऊन गेलेले असतील, त्यांना आम्ही हे औषध देत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी असेल आणि तिथे लघवीची नशा-चाचणी होत असेल तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. चिठ्ठी जवळ ठेवा आणि शक्य असेल तर आधीच कळवा.

परदेशातून आणि परदेशी

मुलाने कॅलिफोर्नियाहून आणलेल्या गमी गोळ्या, बँकॉकहून आलेले तेल: तिथे कायदेशीर घेतलेले असले तरी विमानतळावर ती अमली पदार्थांची आयातच ठरते. आमच्याकडे दाखवायलाही आणू नका. सोललेल्या हेम्पच्या बिया मात्र २०२१ पासून अन्न म्हणून मान्य आहेत. पौष्टिक आहेत, नशा येत नाही, आणि त्या औषधही नाहीत.

गावाला जाताना बाटली मूळ खोक्यात, चिठ्ठी आणि आमचे बिल यांसह न्या. परदेशी मात्र अजिबात नेऊ नका. दुबई किंवा सिंगापूरमार्गे विमान असेल तर निघण्यापूर्वी बॅगेचे सगळे कप्पे एकदा उलटे करून पाहा, उरलेली बाटली घरीच राहू द्या.