‘न्यूज’ म्हणजे चार दिशा? थोडा खुलासा

‘नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारही दिशांकडून येते ती न्यूज’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. अक्षरं नेमकी जुळतात, त्यामुळे चटकन पटतोही. पण शब्द तसा घडलेला नाही.

मूळ आहे ‘न्यू’, म्हणजे नवं. त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लागून ‘न्यूज’ झालं: नव्या गोष्टी. या अर्थानं तो इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो. फ्रेंचमधला ‘नूव्हेल’ही असाच ‘नवा’वरून आलेला. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत तेव्हा इंग्रजीत रुळलेलीच नव्हती. ‘रडार’सारखे शब्द थेट विसाव्या शतकातले.

स्पेलिंगही बघण्यासारखं आहे. जुन्या लिखाणात ‘डब्ल्यू’नंतर आणखी एक ‘ई’ असलेलं रूप सर्रास भेटतं. मग पूर्व दिशा दोनदा धरायची का? शिवाय इंग्रजीत दिशांचा रोजचा क्रम नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट असा असतो.

अनेकवचनाची खूण व्याकरणातही उरली होती. आज आपण ‘न्यूज इज’ म्हणतो, पूर्वी ‘न्यूज आर’ असंही लिहीत. ‘टायडिंग्ज’ या जुन्या समानार्थी शब्दाच्या शेवटीही तोच ‘एस’ आहे, आणि त्याच्या अक्षरांत दिशा काही बसत नाहीत.

पडताळायचं असेल तर व्युत्पत्ती देणारा कोणताही मोठा इंग्रजी शब्दकोश घ्या आणि ‘न्यू’ व ‘न्यूज’ या दोन्ही नोंदी लागोपाठ वाचा.