वाढवणारे खाते, आवरणारे खाते

सिंधुदुर्गच्या समुद्रात कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर (जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी) घुसले, की मालवण-देवगडचे मच्छीमार मत्स्यव्यवसाय कार्यालयावर जातात. गस्तीनौका कुठे होती, असा जाब विचारतात. अधिकारी वरिष्ठांकडे बोट दाखवतात, वरिष्ठ तटरक्षक दलाकडे. दरवर्षीची ही वादावादी आळस किंवा भ्रष्टाचार एवढ्या दोन शब्दांत मिटवता येत नाही. तिचे मूळ समुद्राची वाटणी सरकारी खात्यांत कशी झाली, त्यात आहे.

इंग्रजांनी 1897 मध्ये मत्स्योद्योगाचा कायदा केला, पण त्यात मुख्यतः सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारण्याला मनाई होती. कोणी किती पकडावे, कुठे पकडावे, हे कोळीवाड्यांच्या आपसातल्या रिवाजावर सोडलेले होते. राज्यघटनेने मासेमारी राज्यांच्या सूचीत टाकली आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राच्या. ही सीमारेषा कुठे, याचे उत्तर 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याने दिले: 12 सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, 200 मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. बांगड्याचा थवा अर्थातच ही रेषा पाळत नाही.

पण नियमनाचा विचार फार उशिरा आला. स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-तीन दशके मत्स्य खात्याचे काम एकच होते, उत्पादन वाढवणे. बोटींना इंजिन बसवा, नायलॉनची जाळी घ्या, सोसायटीमार्फत कर्ज काढा, बर्फाचे कारखाने उभारा. साठच्या दशकात परदेशात कोळंबीला भाव आला आणि ट्रॉलर फोफावले. 1972 मध्ये सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी केंद्राने वेगळे प्राधिकरणच काढले. त्या काळाच्या हिशेबाने हे धोरण चूक नव्हते. देशाला अन्न हवे होते आणि परकीय चलनही. चूक झाली ती दुसऱ्या बाजूला. किती बोटी पुरेशा, हा प्रश्न विचारणारे कोणी त्या खात्यात नेमलेलेच नव्हते.

तो प्रश्न किनाऱ्यावरून आला, तोही आधी गोव्यातून. ट्रॉलर किनाऱ्याला लागून जाळे ओढू लागले तसे रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या वाट्याचे मासे आटले. सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रापणकारांचे आंदोलन पेटले. केंद्राने मजुमदार समिती नेमली आणि पुढे राज्यांसाठी नमुना विधेयक तयार केले. गोवा आणि केरळने 1980 मध्ये कायदे केले, महाराष्ट्राने 1981 मध्ये. आपल्या कायद्याने किनाऱ्यालगतचे उथळ पाणी वावांच्या (पाण्याच्या खोलीचे माप) हिशेबाने पारंपरिक मच्छीमारांसाठी राखले आणि ट्रॉलरला बाहेर ठेवले.

कायदा झाला, पण राबवायचा कोणी? परवाना मत्स्य खात्याने द्यायचा, बोट त्यांच्याच अधिकाऱ्याने पकडायची आणि दंडाचा निवाडा तहसीलदाराने करायचा. महसुलाची ढीगभर कामे असलेल्या तहसीलदाराच्या टेबलावर पर्ससीन जाळ्याचे प्रकरण किती वर येणार? शिवाय ज्या खात्याने काल बोटीला अनुदान दिले, त्यालाच आज त्या बोटीचा परवाना निलंबित करायचा होता. माझ्या मते या कायद्याची खरी अडचण दंडाच्या रकमेत कमी आणि या दुहेरी भूमिकेत जास्त होती.

पर्ससीनच्या वादात ती उघडी पडली. थवेच्या थवे एका वेढ्यात उचलणारी ही जाळी रत्नागिरीत वाढत गेली, तशी गिलनेटवाल्यांची (पाण्यात उभी जाळी लावणाऱ्यांची) आणि रापणवाल्यांची ओरडही वाढली. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीचा अहवाल आला, त्यावर काही वर्षे गेली, आणि 5 फेब्रुवारी 2016 रोजी शासनाने आदेश काढला: पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचे, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर. मग काही बोटी 12 मैलांबाहेर मासेमारी करतो, असे सांगू लागल्या. तिथे राज्याचा कायदा चालत नाही. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्या क्षेत्रात मासे ओढून घेणारे एलईडी दिवे आणि बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एकच जाळे ओढणे) यांवर बंदी घातली, पण पर्ससीनचा प्रश्न राहिलाच. तमिळनाडूत तर तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने 12 मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस अशा मासेमारीला अंतरिम मुभा दिली.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कायदा दुरुस्त केला. दंड लाखांत गेला आणि निवाड्याचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्य खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आले. काम वेगाने होऊ लागले हे खरे, पण पकडणारा आणि निवाडा करणारा आता एकाच खात्यातला झाला. 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केले गेले आणि 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरला. लहान पापलेट मारू नये, ही सातपाटीच्या मच्छीमारांची मागणी त्याआधीपासूनची.

जमिनीकडचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितले. त्यातून 1991 ची किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना आली आणि 2011 व 2019 मध्ये ती नव्याने लिहिली गेली. ते काम पर्यावरण खात्याचे. छोटी बंदरे सागरी मंडळाकडे, कांदळवने वन खात्याच्या कक्षाकडे, आणि 26/11 नंतर बोटींचे रंग व खलाशांची ओळखपत्रे सुरक्षा यंत्रणांच्या नजरेखाली. मच्छीमाराला मात्र जेट्टी, घर, बोट आणि मासा या चार गोष्टींसाठी चार कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात.

जानेवारी 2025 मध्ये राज्याने किनाऱ्यावर टेहळणीसाठी ड्रोन उडवायला सुरुवात केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, म्हणजे कर्ज, वीज आणि विम्यात शेतकऱ्यासारख्या सवलती. दोन्ही निर्णय एकाच खात्याचे.