एका उपदाढेचा घोळ

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने 2021 मध्ये महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूचा माग लागल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून आमच्या बोरिवलीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश अधूनमधून फिरतो: पाण्याच्या टाकीखालच्या फटीतल्या पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, ताबडतोब हटवा. सोबतचा फोटो मात्र झाडाला लटकलेल्या, कोल्ह्यासारख्या तोंडाच्या मोठ्या फळखाऊ वटवाघळाचा.

त्या अभ्यासात दोन जातींची नावं होती. बहुतेक पुरावे रुसेटस लेशेनॉल्टी या फळं खाणाऱ्या वटवाघळात मिळाले आणि थोडे पिपिस्ट्रेलस या किडेखाऊ पाकोळीत. हे दोन प्राणी वटवाघळांच्या दोन वेगळ्या महाशाखांमधले आहेत आणि त्या शाखा फुटल्या त्याला पाच कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला. म्हणून बातमीत ‘वटवाघूळ’ एवढंच वाचून भागत नाही, कोणतं ते विचारावं लागतं. आणि पाकोळ्यांच्या बाबतीत त्याचं उत्तर देणं भलतंच अवघड आहे.

दिवेलागणीला मुंबईत रस्त्यावरच्या दिव्यांभोवती गिरक्या घेतात त्या पाकोळ्या बहुतेक व्हेस्पर्टिलिओनिडी कुळातल्या, म्हणजे सांजवटवाघळं. जगातल्या 1,400 हून अधिक वटवाघूळ जातींपैकी 500 हून अधिक एकट्या या कुळात आहेत. बहुतेकांचं नाक साधं, त्यावर पानासारखी झालर नाही. कानाच्या भोकासमोर एक छोटी पाळी उभी असते आणि शेपूट जवळजवळ टोकापर्यंत मागच्या पायांमधल्या पडद्यात गुंतलेलं असतं. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये वटवाघळांना माणसाबरोबर एकाच गणात बसवलं होतं. हे कूळ वेगळं केलं प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी, 1821 मध्ये.

कूळ ओळखणं सोपं. कुळातल्या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, वेगळ्या करताना मात्र भलेभले चकले, कारण सगळ्या तपकिरी, सगळ्या लहान. मग शास्त्रज्ञ तोंडात डोकावले. आपल्याकडच्या पिपिस्ट्रेलस टेनुइसची कवटी जेमतेम सेंटिमीटरभर. भिंगाखाली ती आडवी धरली की वरच्या जबड्यात टोकदार सुळा दिसतो आणि त्याला खेटून मोठी उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढांच्या मधला दात. या दोघांच्या फटीत, आतल्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढी आणखी एक उपदाढ असते. बाहेरून पाहिलं तर ती सहज नजरेतून सुटते, कवटी उलटी करून टाळूकडून पाहावं लागतं.

या एका कणावर शंभराहून अधिक वर्षं वर्गीकरण उभं होतं. पिपिस्ट्रेलसच्या वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दोन कृंतक (अगदी पुढचे दात), एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा. खाली तीन, एक, दोन, तीन. एकूण दात 34. ती बारीक उपदाढ दोन्ही बाजूंची नसेल तर 32 आणि प्रजाती एप्टेसिकस. वरचा एकेक कृंतकही गेला तर 30, आणि हे आपलं पिवळ्या पोटाचं स्कोटोफिलस. दुसऱ्या टोकाला मायोटिस, 38 दातांचं. मोजा आणि नाव द्या, इतकं सरळ वाटत होतं.

पण दात का जातो, हे पाहिलं की या मोजणीतली गोम कळते. भुंग्यांसारखे कडक कवचाचे किडे फोडायला चाव्यात जोर लागतो. जबडा आखूड असला तर दात जबड्याच्या सांध्याजवळ येतात आणि त्याच स्नायूंनी चावा जास्त जोराचा बसतो. जबडा आखूड झाला की दाटी होते, दाटीत सर्वांत निकामी दात आत ढकलला जातो, आणखी बारीक होतो आणि शेवटी उगवतच नाही. हे कुणाही वंशात घडू शकतं आणि वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडलंही. म्हणजे 32 दात असणं हा नात्याचा पुरावा नाही, तो आहाराचाही परिणाम असू शकतो. सारख्या वारशाने आलेलं साम्य आणि सारख्या गरजेने आलेलं साम्य यांत फरक करणं हेच वर्गीकरणाचं खरं काम आहे, आणि मला त्यात पुन्हा पुन्हा गुंतायला आवडतं.

1987 मध्ये हिल आणि हॅरिसन या प्राणिशास्त्रज्ञांनी दातांऐवजी नरांची शिश्नास्थी तपासली. हे शिश्नातलं अगदी छोटं हाड, त्याचा चावण्याशी संबंध नाही. त्यावरून त्यांनी आफ्रिकेतली केप एप्टेसिकस ही जात उचलून पिपिस्ट्रेलसमध्ये नेली. पुढे गुणसूत्रं आणि डीएनए पाहिल्यावर ती निओरोमिसिया या प्रजातीत गेली आणि 2020 मध्ये लेफोटिस या प्रजातीत. मिनिओप्टेरस ही प्रजाती तर 2007 मध्ये या कुळातूनच बाहेर पडली. तिच्या पंखातल्या तिसऱ्या बोटाचं दुसरं पेर पहिल्याच्या सुमारे तिप्पट लांब असतं, हे आधीपासून माहीत होतं. महत्त्व कळलं ते डीएनएमुळे.

सोसायटीच्या त्याच ग्रुपवर पाकोळी घरात शिरली की घरात मृत्यू होतो, असंही कुणीतरी लिहितं. ती शिरते दिव्याकडे आलेल्या किड्यांमागे. दिवा मालवून खिडकी उघडी ठेवली की निघून जाते, हाताने मात्र धरू नये. उलट बाजूने ‘एक पाकोळी तासाला हजार डास खाते’ हेही छातीठोकपणे सांगितलं जातं. तो आकडा बंद खोलीतल्या प्रयोगांवरून ताणलेला आहे. मोकळ्या आकाशात ती डासांबरोबर पतंग, भुंगे, माश्या असं मिळेल ते खाते.

आपल्या द्वीपकल्पातली एक पाकोळी या सगळ्यात भरडली गेली. 1875 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ डॉब्सन यांनी तिला स्कोटोझूस डॉर्मेरी हे नाव दिलं आणि तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली. तिचा वरचा बाहेरचा कृंतक अगदी नाममात्र, कधी नसतोच. पुढच्यांना एवढ्याशा दातावर प्रजाती उभी करणं पटलं नाही, त्यांनी तिला पिपिस्ट्रेलसमध्ये टाकलं. आज ती पुन्हा स्कोटोझूस आहे.